दुसरी तपासणी : मुलांच्या अपेंडिसायटिसविषयी

मुलाचे पोट दुखणे ही घराच्या अंगवळणी पडलेली गोष्ट असते. अवेळी खाल्ले, शिळे खाल्ले, शाळेबाहेरच्या गाडीवर खाल्ले, सकाळी पोट साफ झाले नाही, आज परीक्षा आहे, ही कारणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतात आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. पोटदुखीसाठी दवाखान्यात आणलेल्या शंभर मुलांपैकी अपेंडिसायटिस निघतो तो मोजक्याच मुलांना. अडचण अशी की या मोजक्या मुलांची पहिल्या काही तासांतली तक्रार बाकीच्यांसारखीच असते. त्यांना वेळेत वेगळे काढणे हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. हे काम पहिल्याच तपासणीत व्हावे ही अपेक्षा अवास्तव आहे. ते बहुधा दुसऱ्या तपासणीत होते, काही तासांनी, शक्यतो त्याच हाताने केलेल्या. पहिल्या भेटीत निदान झाले नाही तर त्यात कुणाचा दोष असेलच असे नाही. पण पुन्हा कधी पाहायचे हे न ठरवता मुलाला घरी पाठवले तर तो दोष आहे. आजाराची चाल, त्याचा इतिहास आणि गेल्या काही दशकांतला पुरावा या तिन्हींचा कौल याच बाजूने पडतो.

आधी आजाराची चाल पाहू. लहान आणि मोठे आतडे मिळतात तिथे, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लागून असलेली, करंगळीहून बारीक आणि एका टोकाला बंद अशी नळी म्हणजे अपेंडिक्स. घट्ट होऊन खडा बनलेल्या मळाने, किंवा एखाद्या संसर्गानंतर नळीच्या भिंतीतल्या लसिकापेशींचे पुंजके फुगल्याने, तिचे तोंड बंद होते. आत पाझरणारा द्राव कोंडतो, दाब वाढतो, जंतू फोफावतात आणि भिंतीचा रक्तपुरवठा कमी होत जातो. या पहिल्या टप्प्यात मेंदूकडे जाणारी संवेदना मोघम असते. अपेंडिक्सच्या आणि बेंबीभोवतीच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोहोचत असल्याने दुखते ते बेंबीजवळ, आणि मूल सबंध तळहात पोटावर फिरवून ‘इथे’ म्हणते. मग भूक मरते, मळमळते, एखादी उलटी होते. साधारण बारा ते चोवीस तासांत सूज नळीच्या बाहेरच्या अंगाला पोहोचते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराला जागा नेमकी कळते. आता दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि मूल एका बोटाने ठिकाण दाखवते. या क्रमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. पहिल्या टप्प्यात तपासणारा हात कितीही मुरलेला असला तरी त्याला उजव्या बाजूची खूण लागणार नाही, कारण ती अजून उमटलेलीच नसते. संध्याकाळी सहाला मऊ लागलेले पोट मध्यरात्री कडक होऊ शकते आणि दोन्ही वेळची नोंद खरी असू शकते.

त्यात हा क्रम सगळ्यांच्या बाबतीत पाळला जातोच असे नाही. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असेल तर पोटाच्या पुढच्या भागावर दाबून फारसे काही कळत नाही. दुखते ते कुशीत किंवा पाठीकडे. ते ओटीपोटात उतरलेले असेल तर शेजारच्या गुदाशयाला आणि मूत्राशयाला चिडवते. मग थोडेथोडे पातळ होते, लघवीला वारंवार जावे लागते, आणि जुलाब किंवा लघवीचा संसर्ग अशी चिठ्ठी लिहिली जाते. मूल जितके लहान तितका घोळ जास्त. तीन वर्षांचे मूल ‘आधी बेंबीपाशी होते, आता खाली आले’ असे सांगत नाही. ते किरकिरते, पाय पोटाशी घेते, उचलून घेतले की रडते, खायचे नाकारते. ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा मोठ्या माणसांत सुजलेल्या जागेभोवती गुंडाळला जातो आणि पू पसरू देत नाही. लहान मुलांत तो पुरता वाढलेला नसल्याने अपेंडिक्स फुटले की सगळ्या पोटात संसर्ग पसरतो. पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत निदान होते तेव्हा ते फुटलेलेच असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी आढाव्यात अपेंडिसायटिस झालेल्या मुलांचे पहिले निदान किती वेळा चुकते हे पाहिले गेले. शाळकरी वयापर्यंतच्या मुलांत हे प्रमाण २८ ते ५७ टक्के होते, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांत जवळजवळ सगळ्यांचेच. सुसज्ज रुग्णालयांचे हे आकडे आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणात होणारी चूक डॉक्टरांच्या निष्काळजीपणातून येत नाही. एकदाच पाहून निकाल द्यायच्या पद्धतीतून येते.

अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सुरू होतो तोच एका मुलापासून. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अमियांड या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या पिशवीत अपेंडिक्स सापडले आणि एका टाचणीने त्याला भोक पाडल्याचे दिसले. अमियांडने ते काढले आणि मुलगा बरा झाला. अपेंडिक्स यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद. तरी पुढची दीडशे वर्षे उजव्या कुशीतल्या या जीवघेण्या दुखण्याचे खापर मोठ्या आतड्यावरच फोडले जात होते आणि उपचार म्हणून अफू देऊन वाट पाहिली जात होती. १८८६ साली बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी फुटलेल्या अपेंडिक्सच्या २५७ रुग्णांच्या नोंदी पडताळून दाखवून दिले की रोगाचे मूळ अपेंडिक्समध्ये आहे आणि संसर्ग पसरताना दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार तातडीने व्हायला हवा. अपेंडिसायटिस हे नावही त्यांचेच. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंतच्या रेषेवर एक तृतीयांश अंतरावरचा दुखरा बिंदू सांगितला, जो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९०२च्या जूनमध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना याच आजाराने शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले. फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी पू काढला आणि राज्याभिषेक ऑगस्टपर्यंत लांबला. त्यानंतर ‘थांबू नका, कापा’ हे सूत्र डॉक्टरांच्या आणि लोकांच्याही मनात पक्के बसले.

त्या सूत्राने असंख्य जीव वाचवले यात शंका नाही, पण त्याची किंमतही होती. फुटण्याआधी गाठायचे तर संशयावरच पोट उघडायला हवे, आणि संशयावर उघडलेल्या पोटांपैकी दर शंभरी पंधरा-वीस ठिकाणी अपेंडिक्स निरोगी निघणे हे कित्येक दशके चांगल्या शल्यविशारदाचेही रास्त प्रमाण मानले जात होते. म्हणजे काही मुलांना उशिराची शिक्षा आणि काहींना घाईची. यातून बाहेर पडायची वाट स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या पीटर जोन्स यांनी १९७६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या लेखात मांडली. तिला त्यांनी सक्रिय निरीक्षण म्हटले. ज्या मुलांबद्दल पहिल्या तपासणीत खात्री होत नाही त्यांना दाखल करायचे, ठरावीक तासांनी पुन्हा तपासायचे आणि प्रत्येक वेळी आधीच्या नोंदीशी ताडून पाहायचे. ज्यांचे दुखणे ओसरते ती घरी जातात. ज्यांच्या खुणा ठळक होत जातात त्यांची शस्त्रक्रिया होते. अनावश्यक शस्त्रक्रिया कमी झाल्या आणि थांबल्यामुळे मुलांचे नुकसानही झाले नाही. या कल्पनेची ताकद तिच्या साधेपणात आहे. आजार काळाबरोबर बदलतो ही निदानातली अडचण होती. जोन्स यांनी त्या बदलालाच निदानाचे साधन केले. मात्र निरीक्षण सक्रिय हवे. खाटेवर झोपवून सकाळच्या राउंडपर्यंत तसेच ठेवणे म्हणजे निरीक्षण नाही.

तपासणी म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. खोलीत येणारे मूल कसे चालते इथपासून ती सुरू होते: किंचित वाकून, उजवा हात पोटावर धरून, पावले जपून टाकत. आईच्या मांडीवरून उतरताना चेहरा आक्रसतो का? डॉक्टरांनी हात चोळून ऊबदार करावेत, मुलाशी शाळेबद्दल बोलत राहावे, नजर पोटावर न ठेवता चेहऱ्यावर ठेवावी आणि डाव्या बाजूने सुरुवात करून दुखऱ्या भागाकडे सर्वांत शेवटी यावे. एकदा जोरात दाबले की मूल पुढची सगळी तपासणी आखडून घेते, म्हणून दाबून पटकन हात सोडण्याची जुनी पद्धत मुलांवर वापरायची गरज नाही. त्यापेक्षा खोकायला सांगावे, किंवा उजव्या पायावर लंगडी घालायला सांगावे. दोन-तीन उड्या सहज मारून हसणाऱ्या मुलाला त्या क्षणी तीव्र अपेंडिसायटिस असण्याची शक्यता बरीच घटते. पहिल्याच उडीला पोट धरून बसणाऱ्याला सोडता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोठ्या रुग्णांना विचारले होते की रुग्णालयात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणे वाढले का. अपेंडिसायटिस ठरलेल्या ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले होते. इतरही अनेक जण हो म्हणाले, त्यामुळे ‘हो’वरून निदान होत नाही, पण ‘नाही’ला वजन आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा प्रश्न विचारायला गतिरोधकही लागत नाही. रिक्षा खड्ड्यातून गेली तेव्हा काय झाले, एवढे विचारले तरी पुरते. शिवाय पोटाबाहेरही पाहायला हवे. खालच्या भागातल्या न्यूमोनियाने पोट दुखते. मुलाच्या वृषणाला पीळ पडला तर ते लाजून पोटच दाखवते. मुलीच्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. नव्याने सुरू झालेला मधुमेह पोटदुखी आणि उलट्यांनी समोर येतो. पावसाळ्यात डेंग्यूची पोटदुखी असते. हिरवी उलटी झाली तर आतडे अडल्याचा संशय घेऊन लगेच हलायला हवे.

हे सगळे एकदा विचारून भागत नाही, लिहूनही ठेवावे लागते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात टिम डी डोम्बल यांनी १९७२ साली तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणकाची परीक्षा घेतली. संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आले आणि विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा. त्या प्रयोगातला खरा धडा नंतर कळला. संगणकासाठी ठरावीक नमुन्यात प्रश्न विचारून नोंदी करायची शिस्त लागली तेव्हा डॉक्टरांची स्वतःची निदानेही सुधारली, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा घसरली. मुलांसाठी २००२ साली मदन सॅम्युएल यांनी मांडलेली दहा गुणांची मोजपट्टी याच शिस्तीचे आटोपशीर रूप आहे. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणे आणि खोकताना किंवा उडी मारताना दुखणे यांना प्रत्येकी दोन गुण; दुखण्याचे स्थलांतर, भूक मरणे, मळमळ किंवा उलटी, ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिलचे वाढलेले प्रमाण यांना एकेक. या गुणांवर एकदाच निकाल लावायला गेले की मोजपट्टी तोकडी पडते, विशेषतः मधल्या गुणांच्या मुलांत. पण दुपारी चार गुण होते आणि रात्री सात झाले, ही माहिती मोलाची आहे, आणि ती मिळायला दोन नोंदी लागतात.

इथे पहिला आक्षेप येईल: सोनोग्राफी गावोगावी पोहोचली असताना पुन्हा पुन्हा हाताने पोट चाचपण्याचा आग्रह कशाला? सोनोग्राफीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. त्यात किरणोत्सर्ग नाही, ती दुखत नाही, आणि सहा मिलिमीटरपेक्षा जाड, दाबूनही न चपटणारे अपेंडिक्स स्पष्ट दिसले तर निदानाला मोठा आधार मिळतो. मुलींमध्ये अंडाशयही त्याच वेळी पाहता येते. पण अहवालातली एक ओळ इथे घोटाळा करते. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ याचा अर्थ घरचे लोक आणि कधीकधी डॉक्टरही ‘अपेंडिसायटिस नाही’ असा लावतात. आतड्यातला वायू, जाड पोट, अपेंडिक्सची मागची जागा आणि मशीन धरणाऱ्याचा अनुभव यांवर दिसणे न दिसणे अवलंबून असते. शिवाय सुजेच्या पहिल्या तासांत केलेली सोनोग्राफी पहिल्या तासांत केलेल्या तपासणीइतकीच अपुरी पडू शकते. सीटी स्कॅन अधिक नेमका असतो, पण वाढत्या वयातल्या शरीराला किरणोत्सर्ग देण्याआधी त्याची खरी गरज पटलेली असावी. ती पटते पुन्हा तपासूनच. चांगल्या बालरुग्णालयांत निरोगी अपेंडिक्स काढले जाण्याचे प्रमाण आता पाच टक्क्यांच्याही खाली आले आहे. तिथेही तपासणी, गुण, सोनोग्राफी, थोडे थांबून पुन्हा तपासणी आणि लागल्यास पुन्हा सोनोग्राफी अशी साखळीच असते.

दोन तपासण्यांच्या मधला वेळ बहुतेकदा घरी जातो, म्हणून घरात काय होते हेही शास्त्राचाच भाग आहे. बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याचा शेक, दृष्ट काढणे यांनी अपेंडिक्सचे फारसे बिघडत नाही. बिघडतो तो वेळ. वाटी सरकली म्हणून पोट जोरात चोळणे मात्र घातक ठरू शकते, आणि पोट साफ व्हावे म्हणून दिलेले एरंडेल किंवा जुलाबाची गोळी त्याहून घातक. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पोट दुखत असताना जुलाब देऊ नका, एवढाच संदेश घेऊन डॉक्टरांनी मोठी मोहीम चालवली होती. प्रतिजैविके यायच्या आधीचा तो काळ, आणि तरीही तिथले अपेंडिसायटिसचे मृत्यू घटले. घरच्या वागणुकीत फरक पडला तरी किती होते याचे हे उदाहरण. याच्या अगदी उलट गोष्ट वेदनाशामकाची. दुखणे दाबले तर निदान दबेल ही भीती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डॉक्टरांना शिकवली गेली आणि मुलांना तासन्‌तास कळा सोसत ठेवले गेले. त्यावर पुढे झालेल्या नियंत्रित चाचण्यांत वेदनाशामक दिल्याने चुकीच्या निदानांचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. दुखणे थोडे कमी झालेले मूल उलट नीट तपासू देते. वजनानुसार पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही. डेंग्यूचा संशय असेल तेव्हा इतर वेदनाशामके टाळावीत. मात्र औषध न देता कळ अचानक थांबली आणि मूल मलूल होत गेले, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. कोंडलेले अपेंडिक्स फुटल्यावर दाब उतरतो आणि काही वेळ बरे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. शहरात चार-सहा तासांनी पुन्हा दाखवणे ठीक. पण मेळघाटातल्या पाड्यावरून किंवा धडगावच्या डोंगरातून आलेल्या बाईने मुलाला घेऊन दोनदा कसे यावे? आश्रमशाळेतल्या मुलाला रात्री कोण तपासणार? आणि प्रत्येक पोटदुखी दोनदा पाहायची तर दवाखाने बुडून जातील. यातल्या शेवटच्या भागाचे उत्तर सोपे आहे. दुसरी तपासणी सगळ्यांसाठी नाही. शंका उरलेल्यांसाठी आहे. लंगडी घालणारे, खायला मागणारे, पोट मऊ असलेले मूल घरी जाऊ शकते. अंतराच्या प्रश्नाचे उत्तर असे की जिथे परत येणे अवघड तिथे दाखल करण्याची किंवा पुढे पाठवण्याची पायरी खाली आणावी लागते. ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर काढलेली एक रात्र फुटलेल्या अपेंडिक्सनंतरच्या आठवड्यापेक्षा कुटुंबाला स्वस्तच पडते. आशा कार्यकर्ती आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांना निदान यायची गरज नाही. त्यांना चार प्रश्न यायला हवेत. दुखणे सहा तासांहून अधिक काळ सलग आहे का, ते उजवीकडे खाली सरकले का, चालताना किंवा उडी मारताना वाढते का, मूल आवडीचे खाणेही नाकारते का? दोन उत्तरे ‘हो’ आली तर १०८ला फोन करावा. आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने वेळ, ताप, नाडी आणि पोटाची अवस्था लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. म्हणजे पुढच्या रुग्णालयातली पहिली तपासणी प्रत्यक्षात दुसरी ठरते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उशीर झाला की अपेंडिक्स फुटते हे समीकरणच पुरेसे सिद्ध नाही, असे स्वीडनचे रोलंड अँडरसन यांच्यासारखे शल्यविशारद बरीच वर्षे मांडत आले आहेत. काही सौम्य दाह आपोआप शमतात. जे शमत नाहीत त्यांतले काही सुरुवातीपासूनच फुटण्याच्या वाटेवर असतात. त्यामुळे जितके थांबावे तितके मागे उरलेल्यांत फुटलेल्यांचे प्रमाण वाढलेले दिसणारच. २०२०च्या टाळेबंदीत अनेक देशांत मुलांच्या फुटलेल्या अपेंडिक्सचे प्रमाण वाढले, तेव्हाही हीच शंका घेता येते की घरीच बरी झालेली सौम्य मुले गणतीतून गळली असतील. फिनलंड आणि नॉर्वेत सुमारे १८०० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साध्या अपेंडिसायटिसचे निदान झाल्यावर आठ तासांत आणि चोवीस तासांत शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये फुटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मला हे मुद्दे मान्य आहेत, आणि त्यांनी माझे म्हणणे अधिक पक्केच होते. रुग्णालयात, नजरेखाली, सलाइन आणि प्रतिजैविके सुरू असताना गेलेले तास आणि घरी, कुणी न पाहता गेलेले तास सारखे नसतात. मध्यरात्री भूलतज्ज्ञाला उठवून घाईने शस्त्रक्रिया करण्यापेक्षा सकाळी तयारीनिशी केलेली बरी, हे या पुराव्यातून निघते. ‘दोन दिवस वाट पाहा, मग या’ हे त्यातून निघत नाही.

चौथा प्रश्न प्रतिजैविकांचा. औषधाने बरे होत असेल तर एवढी धावपळ कशाला? अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या बालरुग्णालयांत ७ ते १७ वर्षांच्या १०६८ मुलांच्या कुटुंबांना पर्याय देऊन केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. औषध निवडलेल्यांपैकी ६७ टक्के मुलांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. २०२५च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी अधिक कसोटीची होती. पाच देशांतली ५ ते १६ वर्षांची ९३६ मुले त्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटली होती. औषधाच्या गटात ३४ टक्के मुलांत उपचार अपयशी ठरला, शस्त्रक्रियेच्या गटात ७ टक्क्यांत. म्हणजे औषधोपचार शक्य आहे, सुरक्षितही आहे, पण तो शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरलेला नाही. शिवाय तो फक्त न फुटलेल्या अपेंडिक्ससाठी आहे, आणि आत खडा असेल तर अपयशाची शक्यता वाढते. हा पर्याय निवडणाऱ्या मुलाला तर आणखी बारकाईने पुन्हा तपासावे लागते, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत सुधारणा दिसली नाही तर बेत बदलायचा असतो. औषधाचा पर्याय मोकळा राहतो तोही लवकर ओळखले तरच.

शेवटचा आक्षेप कागदावर क्वचित येतो, पण प्रतीक्षागृहात कायम असतो. ‘अपेंडिक्स म्हटले की डॉक्टर कापायलाच बघतात.’ कट प्रॅक्टिसची चर्चा ज्या समाजात उघडपणे होते तिथे ही शंका बापाच्या मनात येणे गैर नाही, आणि तिला रागावून उत्तर देणे त्याहून गैर. तिचे उत्तर पारदर्शक पद्धतीत आहे. संध्याकाळी अमुक खुणा होत्या, आता अमुक आहेत, म्हणून शस्त्रक्रिया हवी, असे दोन वेळच्या नोंदी समोर ठेवून सांगणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास बसतो. ज्यांच्या खुणा ओसरल्या ती मुले न कापता घरी जाताना दिसतात, तेव्हा तो वाढतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर आज ती बहुधा दुर्बिणीतून, तीन छोट्या छेदांतून होते. अपेंडिक्स फुटलेले नसेल तर मूल एक-दोन दिवसांत घरी जाते आणि नंतर प्रतिजैविके चालू ठेवायची सहसा गरज पडत नाही. फुटलेले असेल तर कित्येक दिवस शिरेतून औषधे द्यावी लागतात, आणि त्यानंतरही दर पाच-सहा मुलांपैकी एकाच्या पोटात पू साठण्याचा धोका राहतो. पुढच्या प्रकरणांत हे सारे तपशिलाने आले आहे: वयानुसार बदलणारी लक्षणे, तपासणीची पद्धत, सोनोग्राफीचा अहवाल वाचणे, फुटलेल्या आणि गोळा झालेल्या अपेंडिक्सचे उपचार, भूल आणि नंतरची देखभाल. ही प्रकरणे डॉक्टरांसाठी आहेत, पण शेवटची दोन पालक आणि शिक्षकांनीही वाचावीत अशी लिहिली आहेत.

या सगळ्यातून वाचकाने एकच सवय उचलावी अशी माझी अपेक्षा आहे. पोटदुखीच्या प्रत्येक भेटीच्या शेवटी शंका उरली असेल तर डॉक्टरांनी घड्याळातली वेळ सांगावी: रात्री नऊला पुन्हा दाखवा, दुखणे उजवीकडे सरकले किंवा मूल चालेनासे झाले तर त्याआधीच या, जुलाबाचे औषध देऊ नका, आणि बरे वाटले तरी फोन करून कळवा. डॉक्टर हे सांगायला विसरले तर आईबापांनी विचारावे. ‘काळजी करू नका’ एवढ्यावर मुलाला घरी पाठवणारे डॉक्टरही बहुतेक वेळा बरोबरच ठरतात, कारण बहुतेक पोटदुखी साधीच असते. त्यांचे चुकते ते नेमक्या त्या मोजक्या मुलांच्या बाबतीत, आणि वेळ ठरवून दिलेली नसल्याने ती चूक त्यांना कळते तोवर बराच उशीर झालेला असतो. वेळ ठरवून दिली की तीच चूक काही तासांत दुरुस्त होते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही आहे: एक हात, एक घड्याळ आणि एक नोंदवही.